ज्याचं बोट त्यानं यावं

रविवारी दुपारी आम्ही चौघं जेवत होतो तेव्हा मुलाचा फोन वाजला. वाजला म्हणजे एकदाच टिंग झालं. त्याने डाव्या हाताने तो उचलला, वाचला आणि तोंडातला घास चावायचं विसरला.

"हे काय?" तो म्हणाला.

"कसलं काय?" सुनेने विचारलं.

त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. "अभिनंदन! तुमची एंगेजमेंट रिंग आज चार ते सहाच्या दरम्यान पोचेल. कृपया घरी कोणीतरी थांबावे."

पंखा फिरत होता. नळाखालच्या पातेल्यात थेंब पडत होते. एरवी तो आवाज मला ऐकूसुद्धा येत नाही. मी ताटाकडे बघत राहिलो. वर बघायची हिंमत झाली तेव्हा दिसलं, की मुलगा आणि सून दोघंही टक लावून नातीकडे बघत आहेत.

"माझ्याकडे काय बघताय?" नात म्हणाली.

"मग कोणाकडे बघू? अण्णांकडे?" मुलगा म्हणाला.

अण्णा म्हणजे मी. वय एकाहत्तर, एक डोळा ऑपरेशन झालेला, दुसरा व्हायचा. माझ्या हातातला चमचा ताटावर आपटला, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

"मी सांगतच होते तुम्हाला," सून म्हणाली. "आठवडाभर त्या टॅबवर अंगठ्याच अंगठ्या. शिवणकामाचा व्हिडिओ लावला, मध्ये अंगठी. पाऊस पडेल का बघायला गेले, अंगठी. परवा तर एक बाई हात पुढे करून माझ्याकडे बघून रडत होती."

"कोण आहे तो?" मुलाने नातीला विचारलं. "तो पिवळ्या हेल्मेटवाला?"

"बाबा, त्याचं आमच्या वर्गातल्या दुसऱ्याच मुलीशी जमलंय. आणि मला चोरून अंगठी मागवायचीच असती तर मी तुझ्या खात्यावरून मागवली असती का? एवढा बावळटपणा कोण करेल?"

मी पाणी प्यायलो. ते चुकीच्या नळीत गेलं.

मला आता थोडं मागे जायला हवं, नाहीतर मी त्या ताटासमोर का गप्प बसलो ते कोणाला कळणार नाही. तसं सगळं सांगूनही ते माझं मलाच पुरतं कळलेलं नाही.

मी चाळीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे काम मला जमलं, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नाही. समासात खूण करायची आणि कागद पुढे सरकवायचा. घरातलं बोलायचं काम बायको बघायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मी वाचतो, औषधं घेतो, कोणी विचारलं तर "ठीक आहे" म्हणतो.

सहा वर्षांपूर्वी माझ्या शब्दकोशाची पाठ निघाली म्हणून मी तो बाइंडरबाईंकडे नेला. गल्लीच्या टोकाला जिन्याखाली त्यांची खोली आहे, राहायचं त्यामागेच. आत खळीचा वास, भिंतीला टेकून ठेवलेले पुठ्ठे, एक लोखंडी दाबयंत्र आणि खिडकीशी शिवायचं टेबल. हे काम त्या वडिलांकडून शिकल्या आणि गेली पस्तीस वर्षं एकट्या करतात. त्यांनी लग्न का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. मी काहीच कधी विचारलं नाही, सगळा घोळ त्यातूनच झाला.

शब्दकोश झाला, मग फाटकी पुस्तकं एकेक करत नेली. दोन वर्षांपूर्वी ती संपली. पुढचं लिहायला हात अडतो. मी दाढीच्या पात्याने धडधाकट पुस्तकांच्या शिवणी कापायला लागलो. ज्या माणसाने जन्मभर पुस्तकांतल्या चुका काढल्या, तो बाथरूमचं दार लावून पुस्तकांची पाठ सोलत होता. पण त्याशिवाय त्या खिडकीशी जाऊन अर्धा तास बसायला मला दुसरं निमित्त सापडेना.

या उन्हाळ्यात एकदा शिवता शिवता त्या म्हणाल्या, "प्रूफवाले, तुम्ही घरी कोणाशी बोलता?"

"बोलतो की."

"कोणाशी?"

मी पुठ्ठ्यांकडे बघितलं. त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "मग इथे येत जा. दर वेळी पुस्तक आणलंच पाहिजे असं नाही."

त्या दिवशी मी घरी चालत आलो तो रस्ता मला आठवत नाही. आठवडाभर विचार करून मी ठरवलं, की त्यांना विचारायचं. तोंडाने विचारणं मला जमणार नव्हतं. पण अंगठी समोर ठेवली की प्रश्न आपोआप विचारला जातो, असं मी निदान बारा पुस्तकांत वाचलेलं होतं.

आता अंगठी कुठून घ्यायची?

आमच्या भागात अंगठी म्हणजे भिंगवाले. सोनारकाम करताना डोळ्याला लावायचं भिंग ते कपाळावर तसंच ठेवून जेवतात, म्हणून हे नाव. माझ्या लग्नातल्या दोन्ही अंगठ्या त्यांनीच घडवल्या. मुलाच्या लग्नातल्याही. सुनेच्या कानातल्याचा फिरकीचा आटा गेला की ती त्यांच्याकडेच जाते. दुकानात एक लांब बाक आहे, त्यावर कायम चार-पाच माणसं बसलेली. निम्म्यांना काही घ्यायचं नसतं. आणि भिंगवाल्यांचं तोंड काम करताना अखंड चालू. डासांपासून राजकारणापर्यंत त्यांना कुठलाही विषय चालतो. तिथे आत जाऊन मी काय म्हणणार होतो? "माझ्या बायकोची अंगठी तुम्ही घडवलीत, आता आणखी एक द्या"? बाकावरची माणसं संध्याकाळच्या आत गावभर करणार.

मी चार वेळा दुकानाच्या दारापर्यंत गेलो. चारही वेळा शेजारच्या दुकानातून पेन घेऊन परत आलो. पाचवं पेन नको म्हणून मी ऑनलाइनकडे वळलो.

एका दुपारी घरात सामसूम असताना मी टॅब घेऊन बसलो. त्या दुकानाला बाक नव्हता, ओळखीचं कोणी नव्हतं. भिंगवाले एकच मखमली ट्रे पुढे करतात आणि वर दहा प्रश्न विचारतात. इथे हजारो अंगठ्या होत्या, बोट लावलं की गोल फिरायच्या, आणि प्रश्न एकच: माप काय?

माप माझ्याकडे होतं. शिवताना दोरा रुतू नये म्हणून बाइंडरबाई बोटाला चामड्याची टोपी घालतात. त्या खळ ढवळायला आत गेल्या असताना मी त्या टोपीत कागदाची पट्टी गुंडाळून घातली आणि जिथे टोक आलं तिथे पेन्सिलीने खूण केली. पट्टी पाकिटात ठेवली. घरी येऊन फूटपट्टीवर मोजली, तक्त्यात आकडा शोधला, भरला. पैसे डबी आल्यावर रोख द्यायचे होते. शेवटचं बटण दाबल्याबरोबर पडद्यावर रंगीत कागद उडाले आणि अक्षरं आली: अभिनंदन!

आयुष्यात इतक्या पटकन माझं अभिनंदन कोणी केलं नव्हतं. मला वाटलं, ही गोष्ट आता जगात फक्त मला माहीत आहे.

खातं मुलाच्या नावावर आहे आणि सगळे निरोप त्याच्या फोनवर जातात, हे मला ठाऊक नव्हतं. एकदा अंगठी बघितली की त्या अंगठ्या माणसाचा पिच्छा पुरवतात, हेही नाही.

तर ताटासमोर. मी खोकत होतो, सून माझ्या पाठीवर थोपटत होती, आणि मुलगा नातीला म्हणत होता, "मग पुढच्या महिन्यात जायचं विसरायचं. तो प्रवेश रद्द करायचा. घरात राहून असले उद्योग, तर दुसऱ्या शहरात काय करशील?"

नात उठून उभी राहिली. त्या प्रवेशासाठी ती दोन वर्षं राबली होती. मी पहाटे पाणी प्यायला उठलो की तिच्या खोलीत दिवा दिसायचा. आता तिचा चेहरा इतका पांढरा पडला होता, की मला तिची आजी शेवटच्या आठवड्यात दिसायची तशी ती दिसली.

"बाबा, माझी शपथ, मी नाही मागवली!"

"मग काय आपोआप आली?"

मला अजून गप्प बसता आलं असतं. हे लिहायला लाज वाटते, पण तो विचार माझ्या मनात येऊन गेला. चार वाजता दाराशी थांबावं, डबी घ्यावी, लपवावी. पुढचं पुढे.

"ती माझी आहे," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक आला, की सून म्हणाली, "काय हवंय, अण्णा? पाणी?"

"अंगठी. माझी आहे. मी मागवली."

मुलाने माझ्याकडे असं बघितलं, जसं कपाट बोलायला लागलं तर माणूस बघेल. "तुम्हाला कशाला अंगठी?"

"मला नाही. एकांना द्यायची आहे."

मग जे झालं त्याला शांतता म्हणवत नाही. नात खाली बसली. सुनेचा हात माझ्या पाठीवर होता, तो तिथेच राहिला, फक्त थोपटायचा थांबला. नळाचे थेंब मी मोजले. सात झाले.

"कोणाला?" शेवटी सूनच म्हणाली.

"बाइंडरबाईंना."

"त्या? त्या तुमची पुस्तकं शिवतात त्या?"

"हो."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"त्यांना अजून माहीत नाही."

"म्हणजे," सून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाईंना विचारलंच नाही, आणि अंगठी मागवली?"

नातीच्या तोंडातून एक आवाज निघाला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. हसत हसत रडत होती. "आजोबा! तू? तू?"

मुलगा उठला. हात धुतला, पुसला आणि माझ्याकडे न बघता आतल्या खोलीत गेला. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने ते अगदी हळू लावलं.

पाच वाजता डबी आली. तीत एक छापील कार्ड होतं. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: "ती हो म्हणाली!" मला सवयीने समासात प्रश्नचिन्ह काढावंसं वाटलं. नातीने अंगठी आपल्या बोटात घातली, ती फिरली. मधल्या बोटात घातली, फिरली. शेवटी अंगठ्यात बसली.

"आजोबा, बाई पैलवान आहेत का?"

"माप मी स्वतः घेतलं होतं."

"कशावरून?"

मी टोपीचं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "उद्या भिंगवाल्यांकडे. मी येते बरोबर. पळून जाशील तू, ओळखते मी तुला."

सोमवारी सकाळी आम्ही गेलो. बाकावर पाच जण होते. मी दारातच थबकलो, तर नातीने मागून ढकललं. भिंगवाले एका साखळीची कडी जोडत होते आणि गच्चीवरच्या कबुतरांचा बंदोबस्त कसा करावा हे सगळ्यांना समजावत होते. आम्हाला बघून ते थांबले नाहीत. कबुतरं संपवली, साखळी बाजूला ठेवली आणि मला म्हणाले, "या. आत पंख्याखाली या. इथे ऊन लागेल तुम्हाला."

आत म्हणजे पडद्यामागे. एक स्टूल, एक भट्टी, एक टेबल. मी डबी पुढे केली. त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं, अंगठी उजेडात फिरवली.

"माल खरा आहे," ते म्हणाले. "खडा चांगला बसवलाय. कोंदणात खोट नाही. माझ्यापेक्षा सफाई आहे, खोटं कशाला बोलू? यंत्राचा हात थरथरत नाही."

मला वाटलं होतं, ते नावं ठेवतील. मीच ओशाळलो. "मोठी होते आहे," मी म्हणालो. "जरा लहान करून..."

"कोणाला मोठी होते?"

मी पट्टी काढून दिली. त्यांनी ती बोटांत धरून बघितली, तिच्यावर चिकटलेला खळीचा सुका कण नखाने खरवडला, आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं की त्यांना कळलं.

"त्यांच्या बोटाचं माप नाही हे. टोपीचं आहे. चामडं वापरून सैल होतं. आणि ती टोपी असते अंगठ्याशेजारच्या बोटाला. अंगठी कोणत्या बोटात घालणार?"

मी पट्टी परत घेऊन पाकिटात ठेवली.

"अंदाजाने करून द्या ना, काका," नात म्हणाली. "तुम्हाला तर नुसतं बघून कळतं म्हणतात."

"कळतं. पण करत नाही." त्यांनी अंगठी डबीत ठेवून झाकण लावलं. "या दुकानात एकच नियम आहे, माझ्या बापाने घातलेला. ज्याचं बोट त्यानं यावं. चोरून आणलेल्या मापाची अंगठी मी आजवर केली नाही. तुझ्या आजोबांचं लग्न ठरलं तेव्हाही तुझ्या आजीला घेऊन या म्हणालो होतो. आठवतं तुम्हाला, प्रूफवाले?"

आठवत होतं. ती आली होती, आणि सगळं बोलणं तिनेच केलं होतं.

"चार वेळा दाराशी येऊन गेलात तुम्ही," ते हळू आवाजात म्हणाले. "मी म्हटलं, येतील. शेजाऱ्याचा पेनांचा धंदा वाढवून गेलात."

"तुम्ही... बाहेर कोणाला..."

"साहेब, मी पन्नास वर्षं बडबडतो. कबुतरांबद्दल, डासांबद्दल. कोणाच्या बोटाबद्दल बोललेलं कधी ऐकलंत?"

मी आठवून बघितलं. खरोखर, कधीच नाही. जी गोष्ट मी चाळीस वर्षं रोज वाचायला हवी होती, ती मी वाचलीच नव्हती.

नात दुकानातूनच घरी गेली. "इथून पुढे मी येणार नाही," म्हणाली. मी एकटा जिन्याखालच्या खोलीशी आलो. सवयीने एक पुस्तक बरोबर घेतलेलं होतं, शिवण कापलेलं. रिकाम्या हाताने आत कसं जातात ते मला माहीत नव्हतं.

बाइंडरबाईंनी पुस्तक घेतलं, उघडलं, दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं.

"आज न्हाव्याचं पातं की घरचं?"

मी पुस्तक परत घ्यायला हात पुढे केला.

"प्रूफवाले, शिवण उसवली की दोरा ताणला जातो, टोक पिंजतं. कापलेल्याचं टोक सरळ असतं. हे बघा. दोन वर्षं बघते आहे मी."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"म्हटलं, किती पुस्तकं कापल्यावर तोंड उघडतात बघू. अठ्ठावीस झाली."

मी डबी टेबलावर ठेवली. बारा पुस्तकांत लिहिलंय तसा प्रश्न आपोआप विचारला गेला नाही. त्यांनी डबी उघडली आणि अंगठीच्या आधी ते कार्ड बाहेर पडलं. त्यांनी ते वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण वेळ लागला.

"कोण हो म्हणाली?"

"ते छापीलच येतं," मी म्हणालो. "चूक आहे ती. म्हणजे, आता तरी."

"तुमच्या घरी माहीत आहे?"

"हो. काल कळलं सगळ्यांना."

"आणखी कोणाला?"

"भिंगवाल्यांना. ते कोणाला सांगणार नाहीत. आणि... त्या ऑनलाइनवाल्यांना. डबी आणणाऱ्या माणसालाही असेल, तो हसत होता."

त्या उभ्या राहिल्या. मी त्यांना सहा वर्षांत कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. दाबयंत्राचा दांडा त्यांनी धरला होता, त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. तेव्हा मी पहिल्यांदा ती नीट बघितली. सांधे सुजलेले, वाकडे. पस्तीस वर्षं दोरा ओढून ओढून झालेले. तो हात माझ्यासमोर अर्धा अर्धा तास हलत असे, आणि मी त्यातलं फक्त माप चोरलं होतं.

"म्हणजे मुलगा, सून, नात, सोनार, कुरिअरवाला," त्या म्हणाल्या. "सगळ्या जगाला विचारून झालं. जिचं बोट तिला सोडून."

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? वाक्य बरोबर होतं.

त्यांनी अंगठी उचलली. मला वाटलं, आता खिडकीतून बाहेर. त्यांनी ती चौथ्या बोटात घातली. सांध्यावरून ती सरकन गेली आणि खाली सैल फिरायला लागली. त्यांनी हात हलवला, खडा तळव्याकडे गेला.

"ही शिवताना दोऱ्यात अडकणार," त्या म्हणाल्या. "मला खडा नको. साधी कडी हवी. सांध्यावरून जाईल आणि खाली फिरणार नाही अशी. तशी कोणी करून देतं?"

"तुम्ही... म्हणजे तुम्ही..."

"मी अजून काही म्हटलेलं नाही. तुम्हीही काही विचारलेलं नाही."

खरंच होतं. मी टेबलाची कड धरली. त्या सुजलेल्या बोटांकडे बघत मी ते विचारलं. काय शब्द वापरले ते सांगणार नाही. सांगण्यासारखे नव्हते. एका वाक्यात दोनदा अडखळलो आणि क्रियापद राहूनच गेलं.

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग माझं अठ्ठाविसावं पुस्तक शिवणकामाच्या गठ्ठ्यावर ठेवलं. "ही डबी परत पाठवा. उद्या चार वाजता भिंगवाल्यांकडे या. माझं बोट मी घेऊन येते. आणि मी हे घर सोडून कुठे राहायला येणार नाही, तेवढं आधी समजून घ्या. ज्याला यायचं त्याने इथे यावं, खळीचा वास चालत असेल तर."

"चालतो," मी म्हणालो. एवढा एक शब्द मात्र स्पष्ट आला.

डबी परत पाठवायची तर मुलाच्या फोनवर आकडा येतो, तो भरावा लागतो. म्हणजे मला त्याच्या खोलीत जावं लागलं. कालपासून तो माझ्याशी बोललेला नव्हता. नातीला मात्र सकाळीच म्हणाला होता, की तुझी बॅग माळ्यावर आहे, काढून देतो. मी दारात उभा राहून सांगितलं, की अंगठी परत करायची आहे.

त्याने वर बघितलं. मला वाटलं, सुटल्यासारखा चेहरा होईल. झाला नाही. तो उठूनच बसला.

"नाही म्हणाल्या त्या?"

"अरे..."

"का पण? काय कमी आहे तुमच्यात? घर आहे, तब्येत बरी आहे, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. नाही म्हणायला काय झालं त्यांना?" त्याचा आवाज चढला होता. माझ्यासाठी माझा मुलगा कोणावर तरी चिडला होता. मी पलंगाच्या कडेला बसलो.

"नाही म्हणाल्या नाहीत," मी म्हणालो. "उद्या भिंगवाल्यांकडे माप द्यायला येतात."

त्याने फोन उचलला. आकडा भरला. मग म्हणाला, "मला सांगायला काय झालं होतं, अण्णा? त्या कंपनीकडून कळलं मला."

"तुला राग येईल वाटलं."

"आला. अजून आहे." त्याने डोळे चोळले. "किती वाजता?"

"चार."

"तेव्हा गर्दी असते तिथे. मी सोडतो."

मंगळवारी चार वाजता बाकावर नेहमीचे पाच होते. मुलगा जाऊन त्यांच्या शेवटी बसला आणि फोनमध्ये डोकं घातलं, जणू आम्हाला ओळखतच नाही. बाइंडरबाई आधीच आलेल्या होत्या. हात स्वच्छ धुतलेले, तरी नखांच्या कडेला खळ होतीच. मी पडद्याकडे वळलो, तर त्या म्हणाल्या, "आत कशाला? उजेड इथे आहे."

भिंगवाले उंदरांबद्दल सांगत होते. थांबले. "कोणाचं बोट?"

"माझं," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "झालं की यांचं."

बाकावरची डोकी वळली. एकाच्या हातातला चहाचा कप ओठांशी पोचायच्या आधीच थांबला. मी जमिनीकडे बघत होतो. जमीन उघडली तर उडी मारायला मी तयार होतो.

भिंगवाल्यांनी मापाच्या कड्यांचा जुडगा काढला. एक कडी सांध्यावर अडली. दुसरी गेली, पण खाली फिरली. "याला मागून उघडणारी करतो," ते म्हणाले. "बारीक खिटी बसवायची. घालताना उघडा, मग बंद. दुपारी बोट जास्त सुजतं ना? म्हणून बरं झालं आत्ता आलात. उंदीर काय म्हणत होतो मी?... हां, तुमचं."

मी समोरच्या स्टुलावर बसलो आणि हात पुढे केला. डावा.

त्यांनी तो धरला आणि तसाच राहू दिला. मी खाली बघितलं. चौथ्या बोटात अंगठी होती. त्यांनी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी घडवलेली, झिजून तारेएवढी राहिलेली. ती मी कधी काढलीच नव्हती. ती घालूनच मी अंगठ्या बघितल्या, पट्टी मापली, बाईंच्या टेबलावर हात ठेवून ते अडखळलेलं वाक्य बोललो. चष्मा नाकावर असताना घरभर शोधावा तसं. त्या माझ्यासमोर सहा वर्षं बसल्या होत्या, आणि त्यांना ती रोज दिसत होती.

मी अंगठी ओढायला गेलो, तर भिंगवाल्यांनी माझी बोटं धरून ठेवली. बाकाच्या टोकाला मुलगा फोन खाली करून बघत होता.

बाइंडरबाईंनी पुढे वाकून माझा हात त्यांच्याकडून घेतला आणि माझ्या गुडघ्यावर परत ठेवला.

"ती राहू दे," त्या म्हणाल्या. "दुसरा द्या."